फुकटची नानखटाई

मंडळाच्या अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि परभणी, नांदेड, लातूर, बीड सोडून इंग्लंडात येऊन स्थिरावलेल्या माझ्या सर्व आप्तेष्टांनो,

निवृत्तीनंतर घरी नानखटाई करून विकण्याचा जो उद्योग मी काढतो आहे, त्याविषयी चार शब्द बोलावेत म्हणून मला उभे केले आहे; पण गेल्या रविवारपासून माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळते आहे आणि ते माझ्या नऊ वर्षांच्या नातीचे आहे. ओव्हनमधून काढलेली ज्वारीची नानखटाई मी पिशव्यांत भरत होतो आणि मंडळातली मंडळी तिला कशी नावाजतात, हे तिला ऐकवत होतो. तिने एक उचलून तोंडात टाकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आबा, फुकट असते ना, म्हणून सगळे छान म्हणतात."

त्या दिवशी मी पुढे एकही पिशवी भरली नाही.

छत्तीस वर्षे मी रेल्वेच्या सिग्नलची कामे केली. तिथे चूक झाली असती तर गाड्या एकमेकींवर आदळल्या असत्या, तरी मला रात्री गाढ झोप लागत असे. आता वीस नानखटाया तुटतील की काय, या विचाराने पहाटे तीनला जाग येते. तिथे माझ्या सहीमागे सगळे खाते उभे होते. इथे पिशवीवर फक्त माझे नाव असणार आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मत तर याहून स्पष्ट आहे. "अहो, पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा, आणि आता दुकान काढायला निघालात!" यावरून घरात दोन दिवस अबोला होता. ओव्हन मात्र त्या दोन दिवसांतही माझ्या वाट्याला दुपारी दोननंतरच येत होता.

दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि डालडा सायकलला बांधून बेकरीत गेलेले आणि भट्टीपाशी रात्र जागवलेले या सभागृहात किती जण आहेत, ते हात वर न करताही मला ओळखू येतात. आपली बिस्किटे दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून मला पहाऱ्याला बसवत. मी पहाऱ्यावर इतकी खात असे, की घरी डबा उघडल्यावर आई बेकरीवाल्या चाचांच्या नावाने बोटे मोडायची. त्या चाचांनी किती घरांचे 'कच्ची राहिली', 'करपली', 'कमी भरली' निमूट ऐकून घेतले असेल, हे मला आता साठी उलटल्यावर उमगते आहे.

ज्वारीने माझा दोन महिने अंत पाहिला. गव्हातले ग्लुटेन हे चिकट प्रथिन तिच्यात नसते, त्यामुळे पीठ धरून राहत नाही. भाकरीला आई उकळते पाणी घालून पीठ मळत असे. तुपातल्या नानखटाईला तोही आधार नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आपल्या गावाला किती लागू आहे ते ठाऊक नाही, पण माझ्या पहिल्या अकरा घाण्यांना तंतोतंत लागू होते. शेवटी तिसरा हिस्सा मैदा घातला, तेव्हा कुठे ती पिशवीपर्यंत अखंड पोहोचू लागली. आता ती ग्लुटेनमुक्त म्हणून दुप्पट भावाने विका, असा सल्ला मला याच मंडळातून मिळाला आहे. इथे तसे लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि माझ्या नानखटाईत तर तिसरा हिस्सा मैदाच आहे; शिवाय आमच्या स्वयंपाकघरात रोज कणीक उडते!

हा विनोदाचा विषय नाही. घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिला पैसे पडत नाहीत, पण १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी वाचताना मला घाम फुटला: शेंगदाणे, तीळ, मोहरी, गहू, दूध. म्हणजे आपल्या घरातला चटणीचा डबा आणि फोडणीची पळी त्या यादीत जाऊन बसली आहेत. २०१६ साली पावाच्या कणकेतल्या तिळाने इथली नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी ॲलर्जीने दगावली. वेष्टणावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२१पासून लागू झाला, आणि विक्रीच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणे बंधनकारक झाले. संक्रांतीला ज्या परातीत आमच्याकडे तीळ भाजून ओततात, त्याच परातीत मी पीठ मळत होतो. ती परात मी आता माळ्यावर टाकली आहे. त्यावरून झालेले भांडण वेगळे.

राहता राहिली किंमत. दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो, आणि आपल्यातल्याच कुणी डबा पुढे केला की म्हणतो, "एवढे? घरीच तर करता." हे मी तुम्हाला सुनावतो आहे खरे, पण तीन वर्षांपूर्वी आपल्याच एका ताईंशी पुरणपोळ्यांसाठी घासाघीस करून मी वर दोन पोळ्या फुकट मागून घेतल्या होत्या. त्यांनी हसून दिल्या. पुढच्या होळीपासून त्यांनी पोळ्या विकणे बंद केले. त्याला माझ्या त्या दोन पोळ्या कारण झाल्या का, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही; त्या आज इथे आल्या आहेत.

नोंदणीचा अर्ज करून एकोणीस दिवस झाले. चिठ्ठीवर सगळे घटक लिहून झाले आहेत, किमतीची जागा तेवढी कोरी आहे. बाहेरच्या टेबलावर ठेवलेल्या नानखटाया त्यामुळे आजही फुकटच आहेत. तुम्ही त्या खाल आणि छान झाल्या म्हणाल. माझी नात दुसऱ्या रांगेत बसली आहे; तुम्ही तसे म्हणालात की ती माझ्याकडे पाहील.