पडता पडता राहिलेलं स्टेशन

मंडळी, पडद्यावर दिसतेय ती कमान लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्टेशनची नाही. ती लंडनमधल्याच यूस्टन स्टेशनची आहे. फिलिप हार्डविकने १८३०च्या दशकात उभारलेलं हे भव्य दगडी प्रवेशद्वार १९६१-६२मध्ये पाडलं. विरोध पुष्कळ झाला, पण कुणी दाद दिली नाही. पुढे १९९४मध्ये त्याचे दगड पूर्व लंडनमधल्या एका प्रवाहाच्या तळाशी सापडले. सेंट पँक्रसबद्दल बोलताना आधी ही कमान दाखवते, कारण ती गेल्याचा सल ताजा होता म्हणूनच पुढच्या लढ्याला धार आली.

१९६६मध्ये ब्रिटिश रेलने, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेने, किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस या शेजारशेजारच्या स्टेशनांचं एकत्रीकरण करायचं ठरवलं. त्यात सेंट पँक्रस पाडलं जाण्याची भीती होती. सेंट पँक्रसच्या दर्शनी भागातलं वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं लाल विटांचं हॉटेल १९३५लाच बंद पडून तिथे कचेऱ्या आल्या होत्या. व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-मनोऱ्यांची ही एकोणिसाव्या शतकातली शैली, म्हणजे जुनाट भपका, असं तेव्हा चांगले जाणकारही म्हणत. कवी जॉन बेट्जमन, इतिहासकार निकोलस पेव्हझनर आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी आवाज उठवला आणि नोव्हेंबर १९६७मध्ये इमारतीला ‘ग्रेड वन’, म्हणजे वारसा इमारतींसाठीचं सर्वोच्च, संरक्षण मिळालं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. इथे येणारा प्रत्येक जण यूस्टन रोडवरून हॉटेलचे मनोरे टिपतो. जरूर टिपा. ढगाळ दिवस त्याला उत्तम, विटांचा लाल रंग तेव्हा खुलतो. पण खरी गोष्ट आत आहे.

आतलं छत अभियंता विल्यम बार्लोचं, १८६८ सालचं. रुंदी सुमारे ७३ मीटर, लांबी २१० मीटर, उंची ३० मीटरच्या आसपास, आणि मध्ये एकही खांब नाही. एका झेपेत एवढी रुंदी झाकणारं दुसरं छत तेव्हा जगात नव्हतं. लोक मान वर करतात, वाइड लेन्स लावतात आणि नुसतं छत घेऊन जातात. माझं म्हणणं, फ्रेममध्ये फलाटाची जमीन आलीच पाहिजे. कमानीचे पाय बाहेर फाकू नयेत म्हणून एरवी आडव्या सळया ओढाव्या लागतात. इथे ते काम फलाटाखालचे लोखंडी गर्डर करतात, म्हणून वरचं आभाळ मोकळं राहिलं. जमीन कापून टाकली, तर छत कशाच्या जोरावर उभं आहे तेच फोटोतून गेलं. कॅमेरा समतल धरा, शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वाकवता चौकट वर-खाली सरकवणारी) असेल तर तीच वापरा, नाहीतर भिंती आत झुकलेल्या दिसतील.

मग कमानीच्या पायाशी जा. तिथे उठावदार अक्षरांत बटर्ली कंपनी, डर्बीशायर, १८६७ असा मजकूर आहे. समोरून प्रकाश पडला तर अक्षरं सपाट दिसतात. बाजूने तिरपा आला की प्रत्येक अक्षराची कड उठते, रंगाचे थर चढून बोथट झालेले कोपरेही दिसतात. ज्या हातांनी हे घडवलं त्यांच्याइतकं जवळ आपल्याला दुसरं काही नेत नाही. इथे घाई करू नका.

खालचा मजलाही सोडायचा नाही. रुळांना रीजंट कालव्यावरून यायचं होतं, म्हणून फलाट उंचावर बांधले. खाली जी जागा झाली तिथे बर्टन या बिअर बनवणाऱ्या इंग्लिश गावाहून येणारी पिंपं ठेवत, आणि ओतीव लोखंडाच्या खांबांमधलं अंतर त्या पिंपांच्या मापावरून ठरलं. नूतनीकरणात फलाटाच्या जमिनीला मोठे झरोके पाडले. त्यांच्याखाली उभं राहिलं की एकाच चौकटीत खालचे खांब आणि वरची निळी कमान, दोन्ही मिळतात. या स्टेशनचा एकच फोटो काढायचा असेल, तर हा काढा.

इथे अनेकांशी माझं पटत नाही. उत्तरेला जोडलेलं नवं सपाट छत ते कटाक्षाने टाळतात. समुद्राखालच्या बोगद्यातून युरोपात जाणाऱ्या युरोस्टारच्या सुमारे ४०० मीटर लांबीच्या गाड्या बार्लोच्या छताखाली मावत नाहीत, त्यासाठी ते बांधलं. १४ नोव्हेंबर २००७ला त्या गाड्या इथून सुटू लागल्या, २०११मध्ये हॉटेलही पुन्हा उघडलं. जुनं तेवढं चौकटीत ठेवून आपण स्टेशनचं स्मारक करून टाकतो. ते टिकलंय गाड्या येतात-जातात म्हणून. तेव्हा नवं छत घ्या, धावपळ घ्या, बॅगा ओढणारी माणसं घ्या. फ्लॅश मात्र नको, तो गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. आणि ट्रायपॉड लावण्याआधी परवानगी विचारा.

मोठ्या घड्याळाचा फोटो काढाल तेव्हा खाली नीट लिहा की ते मूळचं नाही. मूळ घड्याळ १९७०च्या दशकात उतरवताना फुटलं. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने तुकडे नेऊन ते आपल्या कोठाराच्या भिंतीवर पुन्हा जुळवलं. प्रत्येक फोटोखाली तारीख, कुठे उभे होतात आणि तोंड कोणत्या दिशेला होतं, एवढं लिहाच. उद्या एखादी कमान दुरुस्त करायची झाली, तर कारागीर हेच आधी विचारतील.