पंचांनी ‘ओव्हर’ म्हटलं होतं का?

नमस्कार श्रोतेहो.

२ जुलै २०२३. रविवार होता. आषाढी एकादशी होऊन तीनच दिवस झाले होते, बाहेर पावसाने धार धरली होती आणि आमच्याकडे संध्याकाळचा चहा उकळत होता. टीव्हीवर लॉर्ड्सची कसोटी. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड, ॲशेस मालिकेतला दुसरा सामना, शेवटचा दिवस. व्हिडिओ कॉलवर माझा दीर. तो गेली कित्येक वर्षं लीड्सला असतो. जॉनी बेअरस्टो यॉर्कशायरचा, म्हणजे दिराच्या दृष्टीने घरचाच मुलगा. आणि इकडे खुर्चीत माझे सासरे. त्यांनी मुंबईतल्या, ऐन पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या सामन्यांत पंच म्हणून उभं राहून अर्धं आयुष्य काढलंय. पायाखाली चिखल, डोक्यावर आभाळ, आणि समोर अपील करणारे अकरा जण.

इंग्लंडला जिंकायला ३७१ धावा हव्या होत्या. पाच गडी बाद झाले होते, १९३ धावा झाल्या होत्या. कॅमेरून ग्रीनच्या षटकाचा शेवटचा चेंडू. उसळता. बेअरस्टो खाली वाकला, चेंडू डोक्यावरून मागे यष्टिरक्षक ॲलेक्स केरीच्या हातात गेला. बेअरस्टोने बुटाने क्रीजच्या आत एक रेघ ओढली आणि समोरच्या बेन स्टोक्सशी बोलायला तो चालू लागला. केरीने चेंडू धरला होता, पण धरून ठेवला नव्हता. आला तसा खालूनच स्टंपांवर फेकला. चेंडू लागला, बेल्स पडल्या, आणि बेअरस्टो क्रीजच्या बाहेर.

तिसऱ्या पंचांनी बाद दिलं. लॉर्ड्सवर जी हुर्यो सुरू झाली ती दिवसभर थांबली नाही. आणि आमच्या घरात बापलेकांचं जुंपलं.

“बाबा, तो रन काढत होता का? ओव्हर संपली होती!” असं दीर लीड्सहून ओरडला.

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, “पंचांनी ‘ओव्हर’ म्हटलं होतं का?”

“अहो, पण...”

“म्हटलं होतं का?”

नव्हतं म्हटलं. श्रोतेहो, त्या दिवसापासून आजपर्यंत या विषयावर मी शेकडो मतं ऐकली, पण मला त्या एका प्रश्नाच्या पलीकडे जाता आलेलं नाही. पंचांनी ‘ओव्हर’ म्हटलं होतं का? नव्हतं.

नियम थोडक्यात सांगते, कारण क्रिकेट बघणाऱ्या घरात तो माहीतच असतो. चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला म्हणजे लगेच ‘डेड’, म्हणजे खेळाबाहेर, झाला असं नाही. तो तिथे स्थिरावायला हवा. किंवा दोन्ही बाजूंनी खेळ थांबला असं मानलंय, हे पंचांना स्पष्ट दिसायला हवं. दोन्ही बाजूंनी, एका बाजूने नव्हे. बेअरस्टोने थांबला असं मानलं, केरीने मानलं नाही. म्हणून तो यष्टिचीत.

यष्टिचीत! काय सुंदर शब्द आहे. धावचीत, त्रिफळाचीत, यष्टिरक्षक. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून हे शब्द रेडिओवरून आमच्या स्वयंपाकघरांत पोचले, आणि ज्यांनी मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं अशा आज्यासुद्धा ते सहज बोलू लागल्या. आज मराठी मुलं ‘स्टम्प्ड’ म्हणतात आणि मराठी वाहिन्याही तेच म्हणतात. मला ते मनापासून लागतं. असो, लॉर्ड्सवर परत येऊ.

उपाहाराला खेळाडू आत निघाले तेव्हा लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमधल्या लाँग रूममध्ये एमसीसीच्या, म्हणजे लॉर्ड्स ज्याच्या मालकीचं आहे त्या क्लबच्या, सभासदांनी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना नको ते ऐकवलं. उस्मान ख्वाजा आणि डेव्हिड वॉर्नर यांच्याशी थेट वादावादी झाली. क्लबने त्याच दिवशी तीन सभासदांना निलंबित केलं. स्टोक्स चिडला आणि त्याने १५५ धावा झोडल्या, नऊ षटकारांसह. तरी ऑस्ट्रेलिया ४३ धावांनी जिंकली. मग दोन देशांचे पंतप्रधान, ऋषी सुनक आणि अँथनी अल्बनीझी, तेही या वादात बोलले. एका यष्टिचीतसाठी!

इंग्लंडचं म्हणणं काय होतं? नियमात बसतं, पण खेळभावनेत बसत नाही. हे वाक्य आपण भारतीयांनी फार ऐकलंय. १९४७ साली सिडनीला विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला गोलंदाजाच्या टोकाला धावचीत केलं. त्याच दौऱ्यात आधी त्याला ताकीद देऊन झाली होती, आणि खुद्द ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकडांची बाजू घेतली. तरी त्या प्रकाराला मांकडांचं नाव चिकटलं ते चिकटलंच. क्रीज सोडणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हा अन्याय आहे. एवढ्या थोर अष्टपैलू खेळाडूचं नाव जगाने असं वापरावं याचं मला आजही वाईट वाटतं. २०२२ साली याच लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला तसंच बाद केलं, तेव्हाही खेळभावनेचे धडे आपल्यालाच मिळाले.

आणि औदार्य म्हणाल तर तेही आपण दाखवलंय. २०११, ट्रेंट ब्रिज. चहापानाला निघालोच असं समजून इंग्लंडचा इयन बेल १३७ धावांवर क्रीजमधून चालता झाला. नियमाने बाद. धोनीने चहापानात अपील मागे घेतलं, बेल परत आला, आणि तो सामना आपण ३१९ धावांनी हरलो. दीर त्या दिवशी हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देत होता. सासरे म्हणाले, “अरे, धोनीने दिलं. दिलेलं वेगळं आणि मागितलेलं वेगळं.”

मग ते मला म्हणाले, “सूनबाई, याला ओव्हलची गोष्ट सांगा.”

श्रोतेहो, ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल याची मोजदाद नाही. आज तुम्हाला सांगते.

१८८२ साल. ऑगस्टची २९ तारीख. लंडनचं ओव्हल मैदान. हेच दोन देश. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ६३ धावांत आटोपलेला, इंग्लंडच्या १०१. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेलेला आणि खेळपट्टी ओली. ह्यू मॅसी नावाच्या फलंदाजाने त्या ओल्या खेळपट्टीवर ५५ धावा फटकावल्या म्हणून ऑस्ट्रेलिया सामन्यात तरी राहिली.

मग मैदानात कर्णधार बिली मर्डॉक आणि त्याच्या जोडीला सॅमी जोन्स. जोन्स नुकता एकवीस वर्षांचा झाला होता. मर्डॉकने चेंडू लेगला टोलवला. यष्टिरक्षक लिटल्टन त्यामागे धावला. दोघांनी एक धाव काढली. धाव पुरी झाली, जोन्स क्रीजमध्ये पोचला. लिटल्टनने चेंडू आत टाकला तो डब्ल्यू. जी. ग्रेसच्या हातात.

डब्ल्यू. जी. ग्रेस! छातीवर रुळणारी दाढी, पहाडासारखा देह, पेशाने डॉक्टर, आणि इंग्लंडच्या क्रिकेटचं दैवत.

जोन्सने काय केलं असेल? ओल्या खेळपट्टीवर चेंडू पडून ढेकूळ वर आलं होतं. ते बॅटने थापून बसवावं म्हणून तो क्रीजच्या बाहेर गेला. कांगा लीग खेळलेल्या कुणालाही विचारा, हे दर षटकाला करावं लागतं. जोन्सला वाटलं, चेंडू डेड झाला.

ग्रेसने चेंडू हातात घेऊन बेल्स उडवल्या आणि पंचांकडे पाहिलं. पंच थॉम्स यांनी बाद दिलं. धावचीत.

पुन्हा सांगते. फलंदाजाला वाटलं खेळ थांबला. क्षेत्ररक्षकाला तसं वाटलं नाही. फलंदाज क्रीजच्या बाहेर. पंचांनी बाद दिलं. फक्त जागा लॉर्ड्स नव्हे, ओव्हल. साल २०२३ नव्हे, १८८२. आणि बाद करणारा ऑस्ट्रेलियाचा केरी नव्हे, इंग्लंडचा ग्रेस.

ऑस्ट्रेलियाचा डाव १२२ वर संपला. इंग्लंडला हव्या होत्या फक्त ८५ धावा. पण ऑस्ट्रेलियाच्या संघात फ्रेड स्पॉफर्थ होता. उंच, सडपातळ, वेगवान. त्याला ‘डीमन’ म्हणत, म्हणजे राक्षसच. तो संतापून थेट इंग्लंडच्या खोलीत शिरला आणि ग्रेसला तोंडावर लबाड म्हणाला. या कृत्यापायी तुम्ही सामना हराल, असं सांगून तो बाहेर पडला. मग आपल्या खोलीत येऊन सोबत्यांना म्हणाला, हे जमण्यासारखं आहे. आणि चेंडू हातात घेतला.

इंग्लंड दोन बाद ५१. ग्रेस खेळतोय, ३४ धावा उरल्यात, आठ गडी हातात. आता हरायचं कसं? पण ५१ वर तिसरा गेला, ५३ वर खुद्द ग्रेस गेला. त्याच्या ३२ धावा, डावातल्या सर्वात जास्त. आणि मग धावाच आटल्या. ओळीने बारा षटकं निर्धाव! आता आपण षटक म्हणतो म्हणजे सहा चेंडूंचं, तेव्हा इंग्लंडमध्ये ते चार चेंडूंचं होतं. तरी बारा षटकं, एकही धाव नाही. वीस हजार माणसं श्वास रोखून बसलेली. कुणी म्हणे छत्रीची मूठ दातांनी कुरतडून टाकली. एका प्रेक्षकाचा तर मैदानातच मृत्यू झाला.

ऑस्ट्रेलियाने शेवटी मुद्दाम एक धाव जाऊ दिली, कशासाठी तर लिटल्टन स्पॉफर्थच्या समोर यावा. आला, आणि थोड्या वेळात त्रिफळाचीत झाला. ७० वर दोन गडी गेले, ७५ वर आणखी दोन. शेवटचा फलंदाज पीट आला. समोरच्या टोकाला सी. टी. स्टड उभा, त्याच हंगामात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकलेला. पीटने एवढंच करायचं होतं की उभं राहायचं. त्याने बॅट फिरवली, बॉइलने त्याची दांडी उडवली. इंग्लंड सर्वबाद ७७. हार सात धावांनी. स्टड शून्यावर नाबाद, एकही चेंडू न खेळता. स्पॉफर्थचे सामन्यात १४ बळी, ९० धावांत.

चारच दिवसांनी ‘द स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रात एक मृत्युलेख छापून आला. इंग्लिश क्रिकेटचं ओव्हलवर निधन झालं, देहाचं दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. ती रक्षा म्हणजे ॲशेस! पुढच्याच दौऱ्यावर इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय ती परत आणायला निघाला, तेव्हा मेलबर्नकडच्या मंडळींनी त्याला वीतभरही नसलेला एक मातीचा कलश भेट दिला. १९२७ साली ब्लाय गेल्यावर त्याच्या पत्नीने तो एमसीसीला दिला. आजही तो लॉर्ड्सवरच आहे, पॅव्हिलियनच्या मागच्या संग्रहालयात. म्हणजे सभासद ज्या लाँग रूममध्ये ख्वाजावर ओरडत होते, तिथून काही पावलांवर.

ग्रेसने सॅमी जोन्सच्या बेल्स उडवल्या नसत्या, तर स्पॉफर्थ तसा पेटला असता का? तो मृत्युलेख छापला गेला असता का? मला विचाराल तर नाही. ॲशेसची मालिकाच अशा एका बादवरून उभी राहिलीय.

दीर ऐकत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “वहिनी, त्या जोन्सचं पुढे काय झालं?”

सॅमी जोन्स पुढे ऑस्ट्रेलियाकडून आणखी काही वर्षं खेळला. नंतर न्यूझीलंडला जाऊन राहिला. त्या सामन्यात खेळलेले दोन्ही संघांतले बाकी सगळे गेले, ग्रेस गेला, स्पॉफर्थ गेला, सगळ्यात शेवटपर्यंत राहिला तो जोन्स. १९५१ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, ऑकलंडला तो वारला. त्या धावफलकात त्याच्या नावापुढे आजही आहे: धावचीत, ६.