प्लेन्सचे डीकन

हे चर्च बघा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात प्लेन्स नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम पाच-सहाशे, आणि हे तिथलं मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्च. इथलं गवत कापायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांची बायको आतली बाथरूम साफ करायची. आत अर्पणाच्या लाकडी थाळ्या आहेत ना, त्याही त्यांनीच घडवलेल्या. नाव जिमी कार्टर. हो तेच, अमेरिकेचे ३९वे राष्ट्राध्यक्ष. पण व्हाइट हाऊसची ती चार वर्षं आज बाजूला ठेवूया, कारण गावात ते होते नेव्हीतून परत आलेले, भुईमूग पिकवणारे आणि चर्चचे डीकन. डीकन हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सेवक.

१ ऑक्टोबर १९२४ चा जन्म. लहानपणी शेतावरच्या घरात लाइट नव्हती. पुढे ॲनापोलिसची नेव्हल अकॅडमी, आणि तिथे असतानाच, अठराव्या वर्षी, ते रविवारी लहान मुलांना बायबल शिकवायला लागले. १९४६ ला पास होऊन बाहेर पडले, मग पाणबुडीवर.

आणि मग १९५२ चा डिसेंबर. कॅनडात चॉक रिव्हरला अणुभट्टीत अपघात झाला, आतलं इंधन वितळलं, ती भट्टी खोलायला ज्या तुकड्या गेल्या त्यातल्या एकीचे प्रमुख होते अठ्ठावीस वर्षांचे लेफ्टनंट कार्टर. रेडिएशन एवढं की एका माणसाला आत फक्त दीड मिनिट थांबता यायचं. म्हणून जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब नक्कल उभी केली, तिथे प्रॅक्टिस करायची, मग आत पळत जायचं, हाताला लागतील तेवढे बोल्ट काढायचे आणि पळत बाहेर, की पुढचा माणूस आत. नंतर कित्येक महिने आपल्या लघवीत रेडिएशन सापडायचं असं त्यांनीच सांगितलंय. मला तर त्यांच्या अख्ख्या आयुष्यात हे दीड मिनिट दिसतं, आपल्या वाट्याला आलेला बोल्ट काढायचा, बस.

१९५३ ला वडील कॅन्सरने गेले. शेवटच्या दिवसांत कार्टर घरी आले होते, तेव्हा गावातला एकेक माणूस येऊन सांगत होता की तुझ्या वडलांनी मला गुपचूप कशी मदत केली. त्याचं त्यांच्या मनाने असं काही घेतलं की चांगलं चाललेलं नेव्हीचं करिअर सोडून ते गावी परतले. पत्नी रोझॅलिन भयंकर चिडल्या होत्या.

गावात राहणं सोपं नव्हतं. काळ्या लोकांना हक्क मिळू नयेत म्हणून गोऱ्यांनी काढलेल्या संघटनेत सामील व्हायला त्यांनी नकार दिला, तर लोकांनी धंद्यावर बहिष्कार टाकला. १९६५ ला ते तेव्हा जायचे त्या गावातल्या जुन्या चर्चमधे मतदान झालं, काळ्या माणसांना उपासनेला येऊ द्यायचं का नाही. येऊ द्या म्हणणारे किती? कार्टर कुटुंब आणि आणखी एक जण. बाकी कितीतरी लोक मत न देता गप्प बसून राहिले. आणि ही सगळी रोजच्या ओळखीची माणसं, दर रविवारी शेजारी बसणारी! पुढे याच प्रश्नावरून चर्च फुटलं आणि १९७७ ला मॅरानाथा उभं राहिलं.

आपल्याशीही त्यांचं नातं आहे बरं का. त्यांच्या आई लिलियन नर्स होत्या, अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून विक्रोळीला आल्या, दवाखान्यात काम केलं. २००६ ला लोणावळ्याजवळ मळवलीला स्वतः कार्टर आले, वय ८२, आणि गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट या संस्थेच्या लोकांबरोबर घरं बांधली. असं ते आणि रोझॅलिन १४ देशांत करत राहिले. आणि नारू, आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल, पायातून धाग्यासारखी बाहेर येणारी अळी. १९८६ ला जगात अंदाजे ३५ लाख पेशंट होते. त्यांनी काढलेल्या कार्टर सेंटर या संस्थेने गावोगावी पाणी गाळून प्यायला शिकवलं, त्यासाठी गाळणी वाटली. २०२४ ला पेशंट किती? १५.

२०१९ च्या ऑक्टोबरमधे, पंचाण्णव पूर्ण झाल्यावर, घरात पडले, १४ टाके पडले, डोळा काळानिळा. त्याच संध्याकाळी नॅशव्हिलला, घरबांधणीच्या कामाला हजर.

२०२३ च्या नोव्हेंबरमधे रोझॅलिन गेल्या. २९ डिसेंबर २०२४ ला ते गेले, वय १००. ४ जानेवारीला अंत्ययात्रेची गाडी लहानपणीच्या शेतासमोर थांबली, तिथली घंटा ३९ वेळा वाजवली. ९ तारखेला मॅरानाथामधे प्रार्थना झाली, आणि मग १९६१ ला बांधलेल्या आपल्या दोन बेडरूमच्या घराच्या आवारात, रोझॅलिनच्या शेजारी त्यांना ठेवलं. वरून नेव्हीची विमानं गेली, त्यातलं एक रांग सोडून सरळ वर निघून गेलं.