तंबोऱ्याचा पंचम आणि बारा व्होल्टची बॅटरी

मंडळी, तो पंखा जरा बंद करा कुणीतरी, गुरगुर हाच आजचा विषय आहे आणि मला स्पर्धा नकोय. बोर्डावर लिहिलंय "घरच्या ऑडिओला बॅटरी की अ‍ॅडाप्टर", वेळ दिलाय चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा प्रास्ताविकातच गेली, असो.

तर माझा फोनो प्रीअँप, म्हणजे तबकडीवरून येणारा बारीक आवाज मोठा करून अँपला देणारा. हातात मावेल एवढी डबी, बारा व्होल्टवर चालते. तिचा मूळचा अ‍ॅडाप्टर मेला म्हणून पेठेतल्या एका दुकानातून दुसरा आणला. विचारलं, ऑडिओला चालेल ना? तर मालक म्हणाले, "बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट, त्यात ऑडिओबिडिओ काही नसतं." पुढे बोलायची सोयच नव्हती, एक वाजत आला होता. (हशा)

घरी येऊन एलपी लावली, पुरुष आवाज, काळी एक, आणि मला तंबोराच बेसूर वाटायला लागला. पंचम उतरलेला! एवढा मोठा गवई आणि तंबोरा असा? दोन आठवडे मी रेकॉर्डिंगला नावं ठेवली, टर्नटेबलच्या स्पीडवर संशय घेतला, बेल्ट बदलला. शेवटी आमची ही स्वैपाकघरातून म्हणाली, "अहो, तबकडी थांबलीये, तंबोरा चालूच आहे."

आता गंमत बघा. आपली लाईट ५० हर्ट्झची. एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजमधून गेली की खालच्या लाटा पण वर उलटतात आणि जी लहर उरते ती होते १०० हर्ट्झची. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, त्याचा मंद्र पंचम १०४. म्हणजे माझा अ‍ॅडाप्टर चार हर्ट्झ उतरलेला पंचम धरून बसला होता, खऱ्या पंचमाशी भिडून सेकंदाला चार हेलकावे, आणि न थकता, वाजवणाऱ्याला चहासुद्धा नको. मीटर लावला तर काही न जोडता १७ व्होल्ट! आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, लहर सपाट करायला एक बारकासा कॅपॅसिटर, आणि व्होल्ट बाराला बांधून ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा पत्ताच नाही.

मग एक मित्र म्हणाला, बॅटरी लाव, बॅटरी म्हणजे शुद्ध. घरात राउटरचा छोटा यूपीएस होता, गुरुवारी लाईट जाते म्हणून घेतलेला, तोच लावला. गुरगुर गेली आणि चिरचिर आली. उघडला (वॉरंटी गेली, ते सोडा), तर आत ३.७ व्होल्टचे सेल आणि त्यांना ढकलून ढकलून बारा करणारा स्विचिंग कन्व्हर्टर. तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, ते आपल्याला ऐकू येत नाही पण त्याची पिल्लं येतात ऐकू. म्हणजे डब्यावर बॅटरी लिहिलंय म्हणून बॅटरीची वीज मिळतेच असं नाही, मधे कोण बसलंय ते बघायचं. पॉवर बँकेचं पण हेच, शिवाय डीएसी (डिजिटल गाण्याचा आवाज करणारी डबी) फार कमी करंट घेत असेल तर काही पॉवर बँका कोणी नाहीच्चे समजून मधेच बंद पडतात, ऐन समेवर.

बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं, मागे भजनी मंडळ उभंय. या, बसा ताई, होतंच आलंय.

तर निवड, पटापट. आधी आवाज कुठून येतोय ते शोधा, लॅपटॉपमधून गाणी ऐकत असाल तर त्याचा चार्जर काढून बघा, गुरगुर गेली तर तो बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली जाऊन मधे गुरगुर शिरते तो, एक रुपया खर्च नाही. अ‍ॅडाप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात, पिनच्या मधे प्लस आहे का मायनस ते बघा, आणि एसी मागितलाय का डीसी तेही वाचा. प्रीअँप, डीएसी अशा छोट्या जिवाला रेग्युलेटेड लिनिअर सप्लाय (ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरवाला, चालू-बंद न होणारा) बहुतेकदा पुरतो, पुण्यातल्या तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं. बॅटरीच हवी तर बारा व्होल्ट सात एएचची (अँपिअर-तास) सीलबंद लेड अ‍ॅसिड, यूपीएसमधे असते तीच. २०० मिलिअँपच्या डबीला कागदावर ३५ तास, पण अर्ध्यावर चार्ज करा नाहीतर लवकर मरते. भरलेली असताना ती १२.७ च्या आसपास असते, चार्जरवर १३.८, आणि ऐकताना चार्जर काढायचा, नाहीतर आपण परत पेठेतल्या दुकानात. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी, टिकते जास्त, पण फुल चार्जला १४.६ पर्यंत जाते, डबीला झेपेल का बघा, चार्जर तिचाच लागतो. पन्नास पन्नास वॅटच्या अँपला बॅटरी लावायच्या भानगडीत कृपया पडू नका.

आणि फ्यूज! बॅटरीच्या प्लस टोकाला लागूनच. शॉर्ट झाली तर ही इवलीशी बॅटरी शेकड्यात अँपिअर सोडते, वायर लाल होते. फ्यूजचे होल्डर मी वीस आणलेत, दाराशी डबा आहे, एकेक घेऊन जा, पैसे डब्यात टाका, मोड मिळणार नाही.