खारा वारा किती वाजता सुटला?

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे. आज आपल्या कोकणातल्या फेब्रुवारी अखेर ते मार्च अखेर या चार-पाच आठवड्यांच्या हवामानाबद्दल बोलायचंय, कारण आंब्याच्या कलमांवर आत्ता कुठे कणी, म्हणजे नुकतंच धरलेलं बारीक फळ आहे, कुठे वाटाण्याएवढं, कुठे गोटीएवढं, आणि काही बागांत अजून मोहोरच फुलतोय, म्हणजे वर्षाची सगळी मिळकत आत्ता देठावर लटकलेली आहे. मी ऑब्झर्व्हर म्हणून बरीच वर्षं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला हवामानाच्या नोंदी घेतल्या, आता निवृत्त होऊन गावाला कलमं सांभाळतो, त्यामुळे आकडे पण माहितीयत आणि आकड्यांनी झाडाचं काय होतं ते पण बघितलंय.

मोबाईलवर आपण काय बघतो? उद्या कमाल किती. ३३, ३४, ३६. माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्रकाठच्या माणसाने या आकड्याच्या आधी खारा वारा किती वाजता सुटतोय ते बघावं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेत, पेपरात लिहिलेत, आणि तिथेच सोडून दिलेत. पण मार्चमधला आपला अख्खा दिवस त्यावर ठरतो.

होतं काय, पहाटे जमीन गार असते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. नऊ-दहाला आपला कातळ तापायला लागतो, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अनवाणी चाललाय त्याला सांगायला नको कातळ कसा तापतो. समुद्र मात्र या दिवसांत २७-२८ अंशांवर निवांत असतो. जमिनीवरची हवा तापून वर चढली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. साधारण अकरा-साडेअकराला माडाच्या झावळ्या फिरतात बघा, अंगावरचा घाम एकदम गार लागतो, तोच तो खारा वारा. हा वेळेवर आला की पारा ३१-३२ ला अडकतो, पुढे सरकतच नाही.

आता बिघडतं कधी? आपल्या उत्तरेला, गुजरात-मध्य भारताच्या बाजूला, जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि त्याच्या दक्षिणेला असलेल्या आपल्याला ते पूर्वेकडून मिळतात, म्हणजे थेट घाटावरून. देशावरची कोरडी हवा, तापलेली आधीच, त्यात ती सह्याद्री उतरून खाली येते. कोरडी हवा शंभर मीटर खाली आली की साधारण एक अंशाने तापते, दाबली जाते म्हणून. सहाशे मीटरचा घाट उतरला की सहा अंश वाढले, शेकोटी लावायची गरज नाही. हा पूर्वेचा वारा जोरात असला की खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. अकराचा वारा एकला येतो, दोनला येतो, कधी तीनपर्यंत येतच नाही, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत ३२ चे ३७-३८ होतात.

म्हणून तर हवामान खात्याने किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा ठेवलाय. मैदानी भागात निदान ४० अंश लागतात, आपल्याकडे ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. २०२५ च्या फेब्रुवारीत, २५-२६ तारखेला, सांताक्रूझला पारा ३८ च्या वर गेला आणि कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. फेब्रुवारीत! खात्याच्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारी अजून हिवाळ्यात मोजतात. असं पूर्वी होतच नव्हतं असं मी म्हणणार नाही, सांताक्रूझचा मार्चमधला ४१.७ चा उच्चांक १९५६ सालचा आहे. पण २०२२ चा मार्च देशभरातल्या कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला ठरला, ३३.१० अंश, आणि लगेच २०२३ चा फेब्रुवारी त्याच हिशोबात सगळ्यात तापलेला फेब्रुवारी ठरला. ताण आता मोहोराच्या आणि कणीच्या वेळेला यायला लागलाय, आणि मला काळजी वाटते ती याची.

ही पेटी मी मुद्दाम आणलीय, बघून घ्या सगळ्यांनी. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी आहेत, एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला मलमलचं फडकं आणि त्याची वात खालच्या बाटलीतल्या पाण्यात. पाणी सुकताना फडकं गार होतं म्हणून ओला थर्मामीटर कायम खाली दाखवतो. आपल्याकडच्या नेहमीच्या मार्चच्या दुपारी कोरडा ३१ आणि ओला २५, फरक सहाचा, म्हणजे आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. पूर्वेचा वारा आला की कोरडा ३६ आणि ओला २२. फरक चौदाचा! आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली. त्या दिवशी वात पण भराभर सुकते, दुपारी परत पाणी घालावं लागतं. झाडाच्या पानाचं पण तेच चाललेलं असतं, फक्त त्याची बाटली आपण भरलेली नसते.

मी एकदा यात चांगलाच मार खाल्लाय, तो सांगतो. मार्चचा दुसरा आठवडा होता, जिल्ह्याचा अंदाज ३४ चा, मी म्हटलं ३४ ला काय होतंय, पाण्याची पाळी चार दिवस पुढे ढकलली आणि पालखीसाठी घरी थांबलो. तीन दिवस वारा घाटावरून होता. चौथ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर प्रत्येक कलमाखाली गोटीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलेला, हिरव्यागार, कुठे डाग नाही की कीड नाही. एक उचलून बघितली, देठाकडे पिवळसर कडी पडलेली आणि देठ जिथे सुटला तिथे चिकाचा थेंब वाळून मण्यासारखा झालेला. नखाने फोडली तर आत कोय अजून मऊ, पांढरी. झाडाने स्वतःला वाचवायला फळं सोडून दिली होती. जिल्ह्याचा ३४ खोटा नव्हता, पण जिल्हा म्हणजे घाटाच्या पायथ्यापासून बंदरापर्यंत, आणि माझी कातळावरची बाग त्या एका आकड्यात कुठे बसणार होती?

त्यामुळे आता सकाळीच बघा. आठ-नऊला वारा पूर्वेकडून जोरात आहे, आकाश एकदम स्वच्छ आहे, गवतावर दव अजिबात नाही, तर समजा आज खारा वारा लेट आहे. पाण्याचं त्याच दिवशी बघायचं नसतं, ते आधीच झालेलं हवं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना पंधरा-पंधरा दिवसांनी झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी, बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या विस्ताराखाली, आणि वर गवताचं आच्छादन. कातळावर टँकरने पाणी आणायचं म्हणजे काय खर्च असतो ते मला माहितीय, पण दोन पाळ्यांपैकी एकच परवडत असेल तर ती पूर्वेचा वारा सुटायच्या आधी द्या.

आता उलटी बाजू. होळी जळाली थंडी पळाली असं आपण म्हणतो, पण मार्चमध्ये भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात थांबलेले नसतात. तिकडे काश्मीर-हिमाचलला बर्फ पडतो आणि झंझावात सरकून गेला की उत्तरेचा गार वारा कधी कधी आपल्यापर्यंत पोचतो, रात्रीचा पारा एकदम उतरतो. माणसाला बरं वाटतं, कलमाला नाही. ज्या फांदीवर कणी धरलीय तिच्यावरच परत मोहोर फुटतो, झाडाचं सगळं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची कणी गळून जाते. हा पुनर्मोहोर टाळायला जिब्रेलिक ॲसिड हे संजीवक ५० पीपीएम, म्हणजे वीस लिटरला एक ग्रॅम, पण ते पुरेसा मोहोर आल्यावर वेळेत मारायचं असतं, पुनर्मोहोर डोळ्यांना दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि झंझावाताबरोबर ढग आले, सकाळी धुकं धरलं, तर तुडतुडा ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग बघायला मोहोर रोज हलवून बघा. काजूवाल्यांनी ढेकण्या ही कीड बघावी, कोवळ्या पालवीवर.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामानाचं पत्रक येतं, मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतं. त्यात वाऱ्याची दिशा पण असते, ती ओळ आपण सोडून देतो, ती पहिली वाचा. गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज निघतो, त्यातून नेमका दिवस कळत नाही पण आठवडा तापणार की निवणार हे बरंचसं कळतं, आणि टँकर सांगायला तेवढं पुरतं.

आणि बागेत राखणीला, फवारणीला माणसं असतात त्यांचं पण बघा. पूर्वेच्या वाऱ्यात घाम लगेच सुकतो म्हणून कळतच नाही अंगातलं पाणी किती गेलं. बारा ते तीन फवारणीचा ड्रेस घालून कुणाला उभं करू नका, शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या पोरांना पण पाणी पाजत राहा.

काय म्हणालात ताई? साका? हो, त्याचा पण या उष्णतेशी संबंध आहे, जमिनीतून परत वर येणारी धग फळाला आतून बिघडवते, बाहेरून हापूस सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरट, आंबट. म्हणून ते गवताचं आच्छादन फक्त पाण्यासाठी नाही, ते तसंच राहू द्या, वणव्याच्या भीतीने सगळं गवत काढून कातळ उघडा करू नका, बागेच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून मोकळा पट्टा घ्या आणि झाडाखालचं ठेवा. काढलेला आंबा पण उन्हात ढीग घालून ठेवायचा नाही, काढला की लगेच सावलीत.

आणि ज्यांना ही ओल्या-कोरड्या थर्मामीटरची पेटी करून हवीय त्यांनी उद्या सकाळी साडेआठला माझ्याकडे या, मी नोंद घेतोच त्या वेळेला, फडकं कसं बांधायचं ते दाखवतो. नळाचं पाणी घालायचं नाही त्यात, क्षार धरतात, पावसाचं नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेऊन या.