एकादशीचे रताळे आणि दिवाळीचे सीताफळ

बालाघाटच्या डोंगररांगांवर, धारूर आणि अंबाजोगाईच्या आसपासच्या मुरमाड उतारांवर, पावसाळा ओसरू लागला की सीताफळांचे डोळे उघडू लागतात. फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे फळ उतरवण्याजोगे झाले असे समजले जाते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या जातात. रताळ्याचे तसे नाही. त्याची आठवण होते ती आषाढी एकादशीला, नवरात्रात, महाशिवरात्रीला. दोन्ही गोड, दोन्ही उपवासाला चालणारी आणि दोन्ही पोटभरीची. त्यामुळे या दोहोंत अधिक पौष्टिक कोणते, हा प्रश्न मराठवाड्यातल्या घरांत सहज निघतो.

केवळ उष्मांक पाहिले, तर या प्रश्नात फारसा दम उरत नाही. सीताफळाच्या १०० ग्रॅम गरातून साधारण ९४ किलोकॅलरी मिळतात आणि तेवढ्याच कच्च्या रताळ्यातून साधारण ८६. पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळून सीताफळात सुमारे २४ ग्रॅम, तर रताळ्यात सुमारे २० ग्रॅम असतात. प्रथिने दोहोंतही दोन ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि स्निग्धांश नावापुरता. तंतुमय पदार्थांत सीताफळ थोडे पुढे आहे: त्यात सुमारे साडेचार ग्रॅम, रताळ्यात तीन. पोटॅशियममध्ये रताळे पुढे आहे: त्यात सुमारे ३४० मिलिग्रॅम, सीताफळात अडीचशेच्या जवळपास.

मात्र ही तुलना १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाची आहे, आणि सीताफळ घेताना आपण पैसे मोजतो ते साल, बिया आणि गर या सर्वांचे. फळाच्या वजनातला निम्म्याच्या आसपासच भाग गर असतो. पाव किलोच्या एका फळातून सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास गर हाती लागतो आणि त्यातून ११५ ते १२० किलोकॅलरी मिळतात. रताळ्यात वाया जाते ती फार तर साल, आणि ती नीट धुतलेली असली तर तीही खाता येते. दोनशे ग्रॅमचे एक रताळे म्हणजे १७० किलोकॅलरींच्या घरात. पोट भरण्याचा हिशेब असेल, तर पैशाला पैसा रताळ्याचाच निघतो.

खरा फरक सुरू होतो तो जीवनसत्त्वांपाशी. सीताफळाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम इतके प्रमाण सुचवले आहे. त्या मानाने पाव किलोचे एक फळ निम्मी गरज भागवते. शिवाय ते तसेच खाल्ले जात असल्यामुळे शिजवताना होणारे नुकसान त्याच्या वाट्याला येत नाही. रताळ्यातले क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि रताळे चिरून उकडले, तर त्यातला काही भाग पाण्यात उतरतो. म्हणून ते सालीसकट, अख्खे उकडणेच शहाणपणाचे.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत पारडे पूर्ण फिरते, पण सगळ्याच रताळ्यांच्या बाजूने नव्हे. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटिन भरपूर असते आणि शरीर त्याचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते; अशा १०० ग्रॅम रताळ्यातून प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा मोठा वाटा भागू शकतो. आपल्या बाजारात मात्र बहुधा दिसते ते तांबूस सालीचे आणि आतून पांढरे किंवा फिकट पिवळे रताळे. त्यात बीटा-कॅरोटिन अत्यल्प असते. सालीच्या रंगावरून आतल्या गराचा अंदाज करता येत नाही, त्यामुळे एखादे रताळे मोडून पाहणे उत्तम. रताळ्याचे गुणगान करणारे पुष्कळ लेख नारिंगी वाणाचे आकडे देतात आणि वाचणारा पांढरे रताळे घरी आणतो, ही गल्लत आमच्या मते सांगायलाच हवी. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने नारिंगी गराचा ‘भू सोना’ आणि जांभळ्या गराचा ‘भू कृष्णा’ असे वाण विकसित केलेले आहेत. नारिंगी रताळे खाताना सोबत थोडे तूप असावे, कारण बीटा-कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबरच चांगले शोषले जाते. आपल्याकडे रताळ्याचा कीस तुपावर परततात, ते या दृष्टीने योग्यच ठरते.

आता गोडीकडे वळू, कारण मधुमेह असलेल्यांच्या मनात शंका असते ती तिचीच. पिकलेल्या सीताफळातली गोडी ही ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या तयार साखरांची असते. कच्च्या रताळ्यात साखर बेताची आणि स्टार्च जास्त असतो. पण रताळे तापू लागले, की साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातला स्टार्च फुगून मऊ होतो आणि रताळ्यातलेच एक विकर (एन्झाइम) त्याचे माल्टोज या साखरेत रूपांतर करू लागते. आच जितकी मंद, तितका त्या विकराला अवधी जास्त मिळतो. चुलीच्या फुफाट्यात पुरून भाजलेले रताळे उकडलेल्यापेक्षा गोड लागते, त्याचे कारण हेच. शिवाय भाजताना पाणी उडून जाते आणि गोडी दाटते. रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते हे दाखवणारा ग्लायसेमिक निर्देशांक काही मोजण्यांत उकडलेल्या रताळ्यासाठी ५० च्या आत, तर भट्टीत भाजलेल्यासाठी ८० च्या वर आढळलेला आहे. म्हणजे मधुमेह असलेल्या व्यक्तीने ‘रताळे चालते का’ एवढेच विचारून भागत नाही. ते कसे शिजवले आणि किती खाल्ले, हेही डॉक्टरांना सांगावे लागते. सीताफळाचा निर्देशांक मध्यम समजला जातो, पण मोठी दोन फळे एका बैठकीत सहज संपतात आणि मग त्या मध्यमपणाला अर्थ राहत नाही.

शेतात पाहिले तर दोन्ही पिके कमी लाडाची आहेत. सीताफळाची पाने शेळ्या सहसा खात नाहीत, उन्हाळ्यात झाड पाने गाळून पाणी वाचवते, आणि म्हणूनच बरड माळावर ते कुंपणाशिवाय टिकते. अंबाजोगाई येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रताळे वेलाच्या तुकड्यांपासून लावतात. साधारण चार महिन्यांत कंद काढणीला येतात आणि उरलेला वेल जनावरांना चारा म्हणून जातो. गंमत अशी, की ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच. उपवासाचे जवळजवळ सारे ताट समुद्रापलीकडून आलेले आहे.

त्याच ताटात साबुदाण्याशी तुलना केली, तर सीताफळ आणि रताळे दोन्ही उजवी ठरतात, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उणीव राहते ती प्रथिनांची. ती शेंगदाण्याच्या कुटाने बरीच भरून निघते, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रताळ्यातल्या, खडे बनण्यास हातभार लावणाऱ्या ऑक्झलेटचा विचार करावा आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमचा. सीताफळाच्या बाबतीत जपायचे ते बियांना. त्यांतली द्रव्ये विषारी आहेत; उवांवर लावण्यासाठी बियांची पूड करतात, पण ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. अख्खी बी चुकून गिळली गेली, तर टणक कवचामुळे ती सहसा तशीच बाहेर पडते. धोका असतो तो बी फुटण्यात. म्हणून रबडीसाठी गर काढताना तो बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नये, चाळणीवर हाताने घासूनच वेगळा करावा.