देवघरातला शाळिग्राम कुठल्या समुद्रातून आला?

नमस्कार मंडळी. हे आमचं फोंड्याचं घर, आणि माझ्या तळहातावर आमच्या देवघरातला शाळिग्राम. पणजोबांनी मुक्तिनाथाच्या यात्रेहून आणलेला. व्हडल्या दिवाळीला अंगणातल्या तुळशीचं लग्न लागतं ते याच्याशीच.

जरा जवळ धरतो. हे भोक दिसतंय? आणि आतली ही वळत गेलेली रेघ? आजी याला चक्र म्हणायची. वज्रकीट नावाच्या किड्याने दगड कोरला, असं सांगायची.

दगड कोरणारा किडा नव्हता, पण आत जीव होता हे आजीचं खरंच. त्या प्राण्याचं नाव ॲमोनाइट. आपल्या बाजारात माणकी, म्हणजे स्क्विड, येते ना, तिचा लांबचा नातलग, फक्त अंगावर गुंडाळत गेलेलं कवच. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी हा टेथिस समुद्रात पोहत होता. मेला आणि तळाच्या काळ्या चिखलात रुतला. त्याच्याभोवतीचा चिखल आधी घट्ट झाला, त्याचा गोटा बनला आणि कवचाचा ठसा आत राहिला.

मग सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी आशियाला जाऊन भिडली. मधला समुद्र मिटला, त्याचा तळ घड्या पडत वर चढला. म्हणून मुक्तिनाथला, साडेतीन हजार मीटरच्याही वर, पायाखाली समुद्राचा गाळ आहे! काळी गंडकी आणि तिचे ओढे तो झिजवतात, गोटे सुटतात, पाण्यात घासून असे गुळगुळीत होतात.

हा मुलूख नेपाळच्या अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो. काम १९८६ साली सुरू झालं, क्षेत्रफळ ७,६२९ चौरस किलोमीटर. आपला अख्खा गोवा त्यात दोनदा मावेल.

आणि आपल्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलात असे ॲमोनाइट का नाहीत? कारण तिथले बरेचसे खडक २०० कोटी वर्षांहून जुने. कवचवाले प्राणी तेव्हा जन्मालाच यायचे होते.

यात्रेला जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो. मुक्तिनाथच्या वाटेवर दोन भाग केलेले ॲमोनाइट विकायला मांडलेले असतात, ते घेऊ नका. नदीने वाहून आणलेल्या गोट्याने आपला थर केव्हाच सोडलेला असतो. पण डोंगर खणून काढलेला गोटा कुठल्या थरातला, त्याच्या शेजारी आणखी कोण होतं, हे पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

आता याला ताम्हणात ठेवतो. सकाळची तुळस वाहायची राहिलीय.